दुसऱ्या गाडीचं इंजिन, जुनाच स्टिअरिंग बॉक्स: एका पिकअपच्या प्रेशर लाइनचं प्रकरण

गाडी एमएच २३ पासिंगची, जुनी डिझेल पिकअप. मालक धारूर तालुक्यातले. हंगामात सीताफळाचे क्रेट वाहायचे, एरवी मिळेल तो माल. मूळ इंजिनाचा ब्लॉक तडकला आणि त्या मॉडेलचं धड इंजिन कुठं मिळेना, म्हणून भंगारात निघालेल्या एका प्रवासी गाडीचं, वेगळ्याच कंपनीचं टर्बो डिझेल इंजिन तिच्यात बसवलं गेलं. ते काम आमच्याकडं झालेलं नाही. ज्या गॅरेजनं केलं त्यांनी फाउंडेशन, क्लच, प्रोपेलर शाफ्ट, रेडिएटर सगळं नीट बसवलं होतं, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून त्यांच्याबद्दल भलतंच मत होईल. घोळ राहिला तो पॉवर स्टिअरिंगच्या लाइनचा, म्हणजे पंपातून स्टिअरिंग बॉक्सला दाबाचं ऑइल नेणाऱ्या पाइपाचा.

तक्रार मालकांच्याच शब्दांत: "मिस्त्री, ऑइल टाकू टाकू बेजार झालो. सरळ रोडला गाडी वाऱ्यावर चालल्यावानी वाटतीय, अन् घाटात वळण घ्यायलो की हात भरून यायलेत." एका दमात तीन तक्रारी. तिन्हींची कारणं वेगवेगळी निघाली आणि तिन्ही कारणं ऑइलचा डबा ते स्टिअरिंग बॉक्स या मधल्या पट्ट्यातच होती.

हे असं का होतं ते समजायला हवं. इंजिन बदललं की पंप इंजिनाबरोबर येतो, स्टिअरिंग बॉक्स चेसिसबरोबर राहतो आणि मधली लाइन कुणाचीच नसते. दोन्ही मूळ गाड्यांच्या लाइनी हातात असतात, पण दोन्हींचं एकेकच टोक कामाचं असतं. इंजिनाच्या पायासाठी लोक आठवडा घालवतात, आणि लाइन मात्र गाडी चालू करायच्या संध्याकाळी "मार क्रिम्प अन् जोड" म्हणत उरकतात (क्रिम्प म्हणजे होजच्या नळीवर धातूचं टोक दाबून बसवणं). या गाडीत भरीला भर म्हणजे जुन्या इंजिनाचा पंप उजवीकडं, बॉक्सच्या जवळ होता. नव्याचा डावीकडं आला, आणि उजव्या बाजूला टर्बो आणि सायलेन्सरचा पाइप आले. म्हणजे लाइन इंजिनासमोरून आडवी न्यायची, तीही गरम बाजूला पोचवायची.

गळती कुठून?

गळती दोन्ही टोकांना होती. आधी बॉक्सकडचं टोक सांगतो, कारण ही चूक मराठवाड्यात पावलोपावली दिसते.

बॉक्सच्या तोंडाला एम१६ × १.५ चे आटे. मूळ गाडीत तिथं बॅन्जो बोल्ट (आतून ऑइल जाणारा पोकळ बोल्ट) आणि दोन तांब्याचे वायसर होते. नव्या होजला बॅन्जो टोक क्रिम्प करून मिळेना, म्हणून तिथं एक तयार मेट्रिक निपल (दोन्हीकडं आटे असलेला जोड) बसवला होता. एका बाजूनं बॉक्समध्ये, खाली तांब्याचा वायसर. ती बाजू अगदी बरोबर आणि कोरडी ठणठणीत. दुसऱ्या बाजूलाही बाहेरून एम१६ × १.५ चेच आटे आणि आत २४ अंशांचा कोन. त्याच्यावर होजचा जो नट चढवला होता तो मात्र ३/८ बीएसपी, म्हणजे ब्रिटिश पाइप आट्यांचा.

आता हे दोन माप शेजारी ठेवा. एम१६ चा बाहेरचा व्यास १६ मिमी, दोन आट्यांतलं अंतर १.५ मिमी. ३/८ बीएसपीचा व्यास १६.६६ मिमी, इंचाला १९ आटे, म्हणजे अंतर साधारण १.३४ मिमी. नट किंचित ढिला, त्यामुळं हातानं दोन-तीन फेरे मस्त चढतो. पण दर आट्याला ०.१६ मिमीचा फरक साठत जातो. चौथ्या फेऱ्यापर्यंत तो ०.६५ मिमी होतो आणि आटे एकमेकांवर चढून नट अडकतो. पान्यानं ओढला की अजून थोडा जातो आणि ओढणाऱ्याला वाटतं, टाइट झाला. खरं तर आटे आवळले गेलेले असतात, सांधा आवळलेला नसतो. त्यात बीएसपीच्या नटातला कोन ६० अंशांचा आणि निपलमधला २४ चा. दोन्ही कोन टेकलेच तर फक्त एका काठावर टेकतात. नट सोडून कोनावर बोट फिरवलं, उजेडात धरून पाहिलं: चकचकीत घासल्याची रेघ अर्ध्याच गोलावर होती. उरलेल्या अर्ध्यातून ऑइल खुशाल बाहेर येत होतं.

बीएसपीचा नट आला कुठून, तर क्रिम्पिंगच्या दुकानातून. जेसीबी, ट्रॉलीचे जॅक, ऊस तोडायची यंत्रं यांच्यामुळं होज क्रिम्प करणारी दुकानं आता तालुक्यालाही आहेत, आणि जेसीबीमुळं त्यांच्याकडं बीएसपीच्या नटांचा खच पडलेला असतो. आम्ही ज्या चाचांकडं होज करतो, त्यांच्यापुढं तो नट आणि निपल ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून दोन्ही फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "चुडी तो बैठती भाई, कोन नई बैठता." चुडी म्हणजे आटे. हा सगळा विषय याहून थोडक्यात मला सांगता येणार नाही. हायड्रॉलिकच्या बहुतेक सांध्यांत आटे फक्त दाबून धरायचं काम करतात; ऑइल अडवतो तो कोन, ओ-रिंग किंवा वायसर. म्हणून एखादं टोक ओळखायचं तर व्यास, आट्यांचं अंतर आणि बैठक, हे तिन्ही बघावं लागतं. व्यास मोजायचा व्हर्नियर आणि आट्यांचं अंतर मोजायचा पिच गेज दोन्ही मिळून एका जेवणाच्या खर्चात येतात असं नाही, पण स्टिअरिंग बॉक्सपुढं ते काहीच नाही.

पंपाकडच्या टोकाला तर बैठकच नव्हती. तिथं लेथवर करून घेतलेला निपल होता, आणि त्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढेच वेढे. निपल सोडवला तेव्हा टेपचा एक धागा त्याच्या तोंडातून आत लोंबत होता, ऑइलनं गुलाबी झालेला. सरळ आट्यांवर टेप गुंडाळून ९० बार दाबाचं ऑइल अडत नाही. ते नळाच्या उताराच्या आट्यांचं तंत्र आहे. त्याहून वाईट म्हणजे टेपचे तुकडे ऑइलबरोबर बॉक्समधल्या व्हॉल्व्हपर्यंत जातात. तिथल्या फटी इतक्या बारीक असतात की एक तुकडा अडकला तरी स्टिअरिंग एका बाजूला ओढायला लागतं. या गाडीत ते झालं नव्हतं, पण पुढं बॉक्स धुताना रिटर्नमधून (ऑइल डब्याकडं परत नेणाऱ्या लाइनीतून) पांढरे कण आलेच.

पोत्यातला युनियन

लेथवाला निपल का करावा लागला, हे बघताना दुसऱ्या तक्रारीचं मूळ सापडलं.

मालकांनी एक काम फार चांगलं केलं होतं. दोन्ही इंजिनांचं काढलेलं सगळं सामान त्यांनी खताच्या रिकाम्या पोत्यात भरून ठेवलं होतं. ते पोतं गॅरेजच्या फरशीवर पालथं केलं. ब्रॅकेट, तुटके क्लिप, जुना पट्टा, आणि त्यातच दोन्ही गाड्यांच्या मूळ प्रेशर लाइनी, मधून कापलेल्या. त्याच्याखाली पंपाच्या तोंडाचा मूळ युनियन, म्हणजे जिथं लाइन जोडायची तो जोड. त्याचं तोंड वर करून उजेडाकडं धरलं तर आरपार भोक दिसत नाही. मधे एक पडदा आणि त्याला बारीक छिद्र. लेथवाल्या निपलचं भोक मात्र सरळ ८ मिमी.

हे छिद्र म्हणजे निव्वळ अडथळा नाही. बहुतेक व्हेन (पात्यांच्या) पंपांत युनियनच्या मागंच प्रवाह आवरणारा व्हॉल्व्ह आणि त्याची स्प्रिंग बसलेली असते. पंप पट्ट्यावर चालतो, म्हणजे इंजिनाचे फेरे वाढले की ऑइल वाढतं. पण बॉक्सला हायवेवर गाव-गल्लीपेक्षा जास्त ऑइल नकोच असतं. छिद्रातून ऑइल जाताना अलीकडं-पलीकडं दाबाचा फरक पडतो. तो फरक ठराविक झाला की व्हॉल्व्ह मागं सरकतो आणि जादा ऑइल पंपातच परत फिरवतो. छिद्र मोठं केलं की तो दाबाचा फरक तयारच होत नाही, व्हॉल्व्ह उशिरा हलतो, आणि फेऱ्यांबरोबर सगळं ऑइल बॉक्सकडं लोटलं जातं. स्टिअरिंग नको इतकं हलकं होतं, ऑइल उगाच तापतं. मालकांचं "वाऱ्यावर चालल्यावानी" ते हेच. त्यांनी त्याआधी चाकांची अलाइनमेंट केली होती, बॉल जॉइंट बदलले होते.

अमेरिकेत दुसरं इंजिन घालण्याचा उद्योग इतका रुळलेला आहे की जनरल मोटर्सच्या सॅजिनॉ पंपासाठी तयार ॲडॉप्टर पाकिटात मिळतात. त्या जुन्या पंपांच्या लाइनीला ५/८ इंच, इंचाला १८ आट्यांची उलटी फ्लेअर (पाइपाचं फाकवलेलं तोंड) असायची, पुढच्यांना एम१६ × १.५ ची ओ-रिंग आली. ५/८ इंच म्हणजे १५.८८ मिमी, तेव्हा तिथंही एकाचा नट दुसऱ्यावर थोडा चढून फसवतोच. आणि त्या पंपातही युनियन काढला की मागून स्प्रिंग आणि व्हॉल्व्ह बाहेर येतात. तिकडं पाकीट आहे, इकडं लेथ आहे. लेथवाल्याकडं जाण्यात गैर काही नाही, फक्त काय करून आणायचं ते आपल्याला ठाऊक पाहिजे. पंपाचा युनियन बदलायचा नाही, त्याच्या पुढं काय ते करायचं, एवढं पाळलं तरी निम्मा त्रास वाचतो.

सक्शनचा पाइप

तिसरी तक्रार, घाटात जड होणं, लगेच उलगडली. डब्यातून पंपाकडं येणारा पाइप रेडिएटरच्या हीटर होजचा होता. पाण्याचे होज सहसा ईपीडीएम रबराचे असतात आणि ते खनिज ऑइलमध्ये फुगतात, मऊ पडतात. इथं पाइप दाबला तर बोटाचा ठसा राहत होता, क्लिपखालचं रबर चिखलासारखं बाहेर आलं होतं. असा पाइप सक्शनच्या ओढीनं आतल्या आत चपटा होतो आणि क्लिपपाशी हवा घेतो. हवा आत येते, ऑइल बाहेर येत नाही, त्यामुळं खाली डाग पडत नाही आणि कुणाला संशय येत नाही. डब्याचं झाकण उघडलं की फेस दिसतो, तीच खूण. मंद फेऱ्यांवर, पूर्ण वळणावर, गरम ऑइलमध्ये पंपाला जेव्हा सगळ्यात जास्त काम असतं तेव्हाच त्याच्या तोंडी फेस जातो. सक्शन आणि रिटर्न दोन्हीला ऑइलचा, नायट्राइल रबराचा होज टाकला. डबा पंपापेक्षा वर राहील असा ब्रॅकेट केला. इतकंच.

नवी लाइन

जुळवणीचं सूत्र सोपं ठेवलं: दोन्ही मूळ टोकं राखायची, फक्त मधलं नवं करायचं. पंपाकडं इंजिनाच्या मूळ गाडीचा स्टीलचा पाइप, त्याच्या टोकाची ओ-रिंग आणि नट जसाच्या तसा. बॉक्सकडं पिकअपचा मूळ बॅन्जो, त्याच्या वीतभर पाइपासकट. दोन्ही पाइप पोत्यातलेच. व्हर्नियर लावला, दोन्हींचा बाहेरचा व्यास १० मिमी. ही गाठ जुळली म्हणून काम सोपं झालं. एखादा ८ मिमी निघाला असता तरी पद्धत तीच राहिली असती, त्या टोकाचं माप बदललं असतं.

१० मिमीच्या पाइपाला बाइट टाइप फिटिंगचा (आवळल्यावर रिंग पाइपात रुतून बसते अशा जोडाचा) नट एम१६ × १.५ चा असतो, हलक्या मालिकेतला. नट पाइपावर, त्यामागून कटिंग रिंग, आणि होजच्या दोन्ही टोकांना २४ अंशांचे मेल कोन क्रिम्प केले, म्हणजे मधे ॲडॉप्टर लागलाच नाही. जितके सांधे कमी तितकी गळायची ठिकाणं कमी. पाइपाची जाडी १ मिमीच होती, म्हणून आतून आधाराची छोटी नळी घातली, नाहीतर रिंग आवळताना पाइप आत दबतो. पाइप काटकोनात कापायचा, आतली-बाहेरची बुरी (कापताना उठलेली धारदार कड) काढायची, आणि बुरीचा चुरा आत राहू द्यायचा नाही. नट एकदा आवळून परत सोडला आणि रिंग तपासली. तिच्या पुढं पाइपाच्या धातूची बारीक कड उभी राहिलेली दिसली पाहिजे. रिंग बोटांनी गोल फिरली तर चालते, पुढं-मागं सरकली तर ती बसलेली नाही. बॉक्सकडची पहिली रिंग थोडी सरकली. पाइपाचा तुकडा कापून नव्या रिंगनं परत केलं.

"झाळून टाका की", असं आमचाच फिटर म्हणत होता. पाइपाला पितळेची झाळ देऊन निपल जोडायची पद्धत आपल्याकडं जुनी आहे आणि बाहेरून बाही चढवून झाळलेला सांधा टिकतोही. पण नुसती टोकाला टोक लावून दिलेली झाळ इंजिनाच्या थरथरीनं फुटते, आणि फुटली तर ती टर्बोच्या बाजूला फुटणार. ते नको वाटलं.

होज ३/८ इंची, एका तारजाळीचा, १एसएन. दुकानात पोरगं दोन तारांचा २एसएन द्यायला निघालं होतं, "मजबूत आहे" म्हणून. ३/८ चा १एसएन होज १८० बारपर्यंत चालवायचा असतो आणि तो फुटायचं माप त्याच्या चौपट धरलेलं असतं. २एसएनचं चालवायचं माप ३३० बार. आपला पंप नव्वद बारच्या आसपासच दाब सोडून देतो. मग ३३० चं करायचं काय? उलट तोटा होतो. कंपनीच्या मूळ स्टिअरिंग होजला मुद्दाम थोडं फुगू दिलेलं असतं. व्हेन पंपाचे धक्के त्यात जिरतात. हायड्रॉलिकचा होज जात्याच कडक, दोन तारांचा तर फारच, आणि मग पंपाचं कण्हणं चेसिसमधून केबिनमध्ये येतं. १एसएन निदान थोडा नरम.

या होजची एक मर्यादा विसरू नये: त्याचं तापमान १०० अंशांपर्यंतच. टर्बोजवळ ते पुरत नाही, म्हणून लाइन इंजिनाच्या समोर, खालच्या बाजूनं रेडिएटरच्या आडव्या पट्टीमागून नेली, टर्बोकडचा शेवटचा भाग स्टीलच्या पाइपाचाच ठेवला आणि मधे पत्र्याचा आडोसा दिला. वळण कुठंही १३० मिमी त्रिज्येपेक्षा आखूड नाही. होज ताणून बसवला नाही. दाब आला की होज लांबीला दोन टक्के वाढू शकतो किंवा चार टक्के आखडू शकतो, आणि इथं पंप रबरी पायांवरच्या इंजिनाला, बॉक्स चेसिसला. इंजिन झटका घेतं तेव्हा तो सगळा हिसका सांध्यावर जायला नको.

चालू करून

जोडण्याआधी रिटर्न लाइन बादलीत सोडून बॉक्स धुतला, कण यायचे थांबेपर्यंत. पंपात मूळ युनियन, त्याखाली नवी ओ-रिंग. पुढची चाकं जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवूनच स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत ऑइल भरत गेलो. सुरुवातीलाच इंजिन चालू केलं तर पंप हवेचा फेस घोटून ठेवतो आणि मग तो निघायला तास जातात.

दाब मोजायला लाइनीत टी (तीन तोंडांचा जोड) लावून २५० बारचा गेज जोडला. चाक शेवटपर्यंत वळवून धरलं की काटा नव्वदच्या जवळ थांबतो. पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नये. त्या वेळी सगळं ऑइल जादा दाब सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हमधूनच फिरत असतं आणि पंप आतून भाजतो. ड्रायव्हर लोक गाडी वळवताना चाक शेवटाला लावून धरतात आणि पाय ॲक्सिलरेटरवर ठेवतात, ती सवय पंपाचा जीव घेते. मालकांना गेजच दाखवला, तेव्हा पटलं.

मग क्रेट भरून धारूरचा घाट. तेलगावकडून चढताना रस्ता अरुंद, समोरून उसाची जोड-ट्रॉली आली की थांबून, मागं घेऊन, परत पूर्ण वळण. स्टिअरिंगची परीक्षा याहून चांगली मुद्दाम ठरवूनही घेता आली नसती. वर पोचल्यावर ऑइलच्या डब्याच्या झाकणाखाली फेस नाही, सांधे कोरडे. हायवेला चाक हातात आलं. तरी मूळ गाडीपेक्षा थोडं हलकं आहे, कारण पंप दुसऱ्या गाडीच्या दुसऱ्या तऱ्हेच्या स्टिअरिंगसाठी बनलेला आहे. छिद्र आणखी बारीक करून ते जड करता येईल, पण मंद फेऱ्यांना घाटात ऑइल कमी पडेल, म्हणून हात लावला नाही.

कागदाचं काम इथं थोडक्यात, कारण ते आमचं नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं इंजिन बदलाला नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते आणि आरसीवर नोंद व्हावी लागते. ती नसली तर अपघातानंतर विमा कंपनीला बोट दाखवायला जागा मिळते. मालकांचा अर्ज तोपर्यंत गेलेलाच नव्हता; आम्ही गाडी द्यायच्या आधी तो करायला लावला.

सीताफळाचा हंगाम संपल्यावर गाडी परत बघितली. प्रेशर लाइनचे चारही सांधे कोरडे होते. थंड इंजिन चालू केल्यावर पहिली काही मिनिटं पंप गुणगुणतो, ते जाणार नाही. रेडिएटरमागच्या एका क्लॅम्पपाशी होजचं वरचं रबर थोडं घासलं होतं, तार दिसत नव्हती. तो क्लॅम्प दोन बोटं डावीकडं सरकवला आणि तिथं रबरी बाही चढवली.